चाकोरीतले मॉस : यंत्राने उकरलेल्या जंगलजमिनीचा एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

वादळात उन्मळून पडलेली झाडे बाहेर काढण्यासाठी एका जुन्या, बहुतांश सूचिपर्णी जंगलातून यंत्राची वाट काढली गेली. लांबी सुमारे १८० मीटर, रुंदी ४ मीटर. काम तीन आठवड्यांत आटोपले, पण त्यातले बरेच दिवस पावसाचे होते. ओल्या जमिनीवर भरलेले यंत्र पुन्हा पुन्हा फिरले की जे व्हायचे तेच झाले. दोन खोल चाकोऱ्या पडल्या आणि वाटेवरची मॉसची दुलई चिखलात कालवली गेली. स्थळ आणि माणसे ओळखू येतील असे तपशील इथे वगळले आहेत.

एक शब्द आधीच स्पष्ट केलेला बरा. पुस्तकांत मॉसला हरिता म्हणतात, बोलताना मात्र आपण त्यालाही सरसकट शेवाळ म्हणतो. या प्रकरणात तो घोळ महागात पडला असता. ओल्या दगडावरचा बुळबुळीत हिरवा थर ती शेवाळ. मॉसला बारीक खोड असते, पाने असतात. खरी मुळे नसतात, त्यांच्या जागी मूलाभ नावाचे तंतू असतात आणि त्यांचे मुख्य काम धरून ठेवण्याचे. पाणी बहुतेक जाती पानांच्या पृष्ठभागातूनच घेतात. पान बहुधा एकाच पेशीच्या जाडीचे असते. त्यामुळे ते चटकन भिजते आणि तितकेच चटकन वाळते.

इथली दुलई मुख्यतः प्लुरोझियम श्रेबेरी आणि हायलोकोमियम स्प्लेंडेन्स या दोन जातींची होती. दोन्ही पिसांसारख्या फांद्यांच्या, आडव्या पसरणाऱ्या, जमिनीला सैलसर टेकून वाढणाऱ्या. अशी दुलई जमिनीला ऊन आणि थंडीपासून सांभाळते, पावसाचा मारा अंगावर घेते. प्लुरोझियमच्या पानांच्या बेचक्यांत राहणारे नोस्टॉक नावाचे नील-हरित जिवाणू हवेतला नायट्रोजन स्थिर करतात. उत्तरेकडच्या सूचिपर्णी जंगलांत याचे प्रमाण हेक्टरी वर्षाला सुमारे दीड ते दोन किलो मोजले गेले आहे. ज्या जमिनीत नायट्रोजनची कायम चणचण असते तिथे हा आकडा लहान नाही.

वाटेचे तीन तुकडे पडत होते. वरचे ६० मीटर सपाट, रुंद पानांच्या झाडांखाली. मधले ८० मीटर उताराचे, दाट सूचिपर्णी सावलीत. खालचे ४० मीटर ओहोळाजवळचे, दलदलीचे.

अडचण

काम संपल्यावर वर्षभराने मधल्या उतारावर चाकोऱ्यांचे ओघळ झाले होते आणि प्रत्येक मोठ्या पावसात गढूळ पाणी थेट ओहोळात उतरत होते. वरच्या तुकड्यात पानांचा जाड थर साचला होता. खाली पाणी तुंबले होते. कडेची दुलई होती तिथेच होती, आत सरकल्याचे दिसत नव्हते.

जंगलाची जबाबदारी असलेल्यांची मागणी एका वाक्याची होती : पुन्हा पहिल्यासारखे हिरवे करा. या वाक्यात दोन वेगळ्या मागण्या दडल्या होत्या. जमीन धरली जावी ही एक, जुनी दुलई परत यावी ही दुसरी. मॉसच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी एकाच उपायाने, एकाच वेळात होत नाहीत. पुढचे बहुतेक निर्णय सोपे झाले किंवा चुकले ते ही फारकत लक्षात ठेवली की नाही यावरून.

उघड्या पडलेल्या खनिज मातीवर, म्हणजे पाचोळ्याच्या थराखालच्या मातीवर, पहिले येणारे मॉस वेगळेच असते. मातीत बीजाणूंचा, खोडांच्या तुकड्यांचा आणि मातीखालच्या इवल्या कंदांचा साठा वर्षानुवर्षे पडून असतो. माती उलटली, उजेड मिळाला की तो जागा होतो. डायक्रानेला, पोलिया, ॲट्रिकम, सेराटोडॉन, पॉलिट्रायकम ही त्यातली नेहमीची नावे. जळलेली जागा असेल तर फ्युनारिया हायग्रोमेट्रिका. ही मंडळी बुटकी, उभी वाढणारी, मूलाभांनी माती घट्ट पकडणारी असतात. पॉलिट्रायकमची तर मातीखालून आडवी खोडेही पसरतात.

प्लुरोझियम आणि हायलोकोमियम या साठ्यात जवळपास नसतात. त्यांना बीजाणुकोश क्वचित येतात. नर आणि मादी रोपे वेगळी असतात आणि शुक्रपेशीला पोहायला पाण्याचा अखंड पापुद्रा लागतो, म्हणून दोन्ही शेजारी नसली की बीजाणूच तयार होत नाहीत. त्यांचा पसारा मुख्यतः दोन वाटांनी होतो : कडेने सरकत, किंवा तुटलेल्या तुकड्यांनी. हायलोकोमियमला दरवर्षी आदल्या वर्षीच्या फांदीवर नवी पायरी फुटते, जिन्यासारखी. पायऱ्या मोजून रोपाचे वय आणि वाढीचा वेग दोन्ही कळतात. इथल्या कडेवर त्या मोजल्या तेव्हा आडवी सरक वर्षाला तीन सेंटिमीटरच्या आतच निघाली. चार मीटरची वाट दोन्ही बाजूंनी मिटायची तर प्रत्येक कडेला दोन मीटर जायचे आहे. नुसत्या सरकण्याने साठ-सत्तर वर्षे! प्रत्यक्षात तुकडे पुढे उड्या मारतात म्हणून इतका काळ लागत नाही, पण अंदाज यायला हे गणित पुरेसे होते.

तपासलेले पर्याय

काहीच न करणे. हा पर्याय गंभीरपणे विचारात घ्यायला हवा होता आणि तो घेतला गेला. सपाट, सावलीच्या, अम्लधर्मी जमिनीवर पहिल्या फळीचे मॉस आपसूक येते. पण मधल्या उतारावर प्रत्येक पावसात वरची माती हलत होती. हलत्या मातीवर मॉस तग धरत नाही, कारण बीजाणूपासून निघणारा तंतूंचा पहिला जाळीदार थर, म्हणजे प्रोटोनेमा, मातीच्या कणांखाली एकदा गाडला गेला की संपतो. तिथे नुसते थांबणे म्हणजे ओघळ खोल होऊ देणे.

गवताचे बी पेरणे. हिरवे लवकर झाले असते. पण त्यासाठी सुचवले गेलेले खत आणि चुना या दोन्ही गोष्टी इथल्या मॉसच्या मुळावर आल्या असत्या. या जातींना अम्ल, निकस जमीन मानवते. ती सुपीक केली की गवत उंच वाढते, वाळून खाली पडते आणि त्याच्या खाली मॉस गुदमरते. हा पर्याय बाद झाला. याच विचाराने चाकोऱ्या भरायला सुचवलेली चुनखडीची खडीही नाकारली गेली आणि चुना नसलेला दगड आणला. चुनखडीवरून वाहिलेले पाणी खालच्या सगळ्या पट्ट्याचा सामू बदलते. हा निर्णय कागदावर किरकोळ दिसतो, पण या प्रकरणातल्या सर्वांत बऱ्या निर्णयांपैकी तो एक होता.

अखंड थर उचलून लावणे. जितकी जागा झाकायची तितकाच थर दुसरीकडून काढावा लागतो, म्हणजे एक जखम भरायला तेवढीच दुसरी. शिवाय पिसासारख्या मॉसचा थर खनिज मातीला चिकटत नाही. कोरड्या दिवसांत त्याच्या कडा वर वळतात आणि किडे शोधणारे पक्षी तो उलटून टाकतात.

तुकडे विखुरणे. मॉसच्या खोडाच्या, फांदीच्या, अनेक जातींत तर पानाच्याही तुकड्यापासून नवे रोप होते. दलदलीतल्या स्फॅग्नम या मॉससाठी कॅनडात हीच पद्धत मोठ्या प्रमाणावर बसवली गेली आहे. तिथे देणाऱ्या जागेच्या दहापट जागेवर तुकडे पसरतात आणि वर हेक्टरी सुमारे ३००० किलो पेंढा टाकतात. एकास दहा हे प्रमाण इथेही घेतले. पेंढा घेतला नाही. तो दलदलीच्या उघड्या माळासाठी आहे. सावलीच्या जंगलात तो ओला राहतो, बुरशी धरतो आणि गवताचे बी आणतो.

ताकात किंवा दह्यात मॉस घोटून लेप देण्याची सूचनाही आली. ती नेहमीच येते. मॉस आपले अन्न उजेडातून स्वतः बनवते. ताकातली साखर आणि प्रथिने त्याच्या काही कामाची नाहीत, बुरशीच्या मात्र आहेत. घोटल्यावर तुकडे इतके बारीक होतात की पिसासारख्या जातींच्या बऱ्याचशा पेशी फुटून जातात. हा पर्याय चर्चेलाही घेतला नाही.

निर्णय

उतारावर आधी पाणी आणि माती थांबवायची, मग त्या ८० मीटरांत तुकडे विखुरायचे. वरच्या तुकड्यात पाने काढत तुकडे लावून पाहायचे. खालच्या दलदलीत हात घालायचा नाही. उतारावर दोन-दोन मीटरचे पाच आडवे पट्टे मुद्दाम रिकामे ठेवायचे, म्हणजे तुकड्यांमुळे खरोखर काही फरक पडला का हे कळेल. रिकामे पट्टे ठेवायला सुरुवातीला विरोध झाला. उपाय हाताशी असताना जागा उघडी का सोडायची, असा प्रश्न होता. पण हे पट्टे नसते तर शेवटी चुकीचाच निष्कर्ष निघाला असता.

आणखी एक निर्णय झाडांच्या उपटलेल्या बुंध्यांचा. खोड कापल्यावर मुळांचा उभा गड्डा पुन्हा खड्ड्यात आडवा पाडायचा, असे मूळ नियोजन होते. लोकांच्या पायवाटेजवळचे, तोल गेलेले गड्डे तसे पाडले. ते करायलाच हवे, कारण उभा गड्डा अचानक आपटू शकतो. आडवाटेचे, स्थिर असलेले तीन गड्डे मात्र उभे ठेवले. त्यांच्या उभ्या मातीवर पाचोळा टिकत नाही. पहिल्या फळीच्या मॉसला अशी जागा आयती मिळते आणि तिथून बीजाणू खाली येत राहतात.

केलेले काम

उतारावर दर १५ मीटरला एक आडवा ओंडका, वाटेशी तिरका, निम्मा मातीत पुरून बसवला. पाणी कडेच्या शाबूत जमिनीत वळावे म्हणून प्रत्येकाचे खालचे टोक वाटेबाहेर मीटरभर काढले. टोक वाटेतच संपले तर पाणी वळसा घालून पुन्हा चाकोरीत येते.

दबलेल्या चाकोऱ्या दात्यांच्या अवजाराने ३० ते ४० सेंटिमीटर खोल फोडल्या. हे काम माती कोरडी असतानाच करायचे. ओल्या मातीत दाते फिरवले तर भेग पडण्याऐवजी मातीची भिंत गुळगुळीत लिंपली जाते आणि पाणी मुरत नाही.

तुकड्यांसाठीचे मॉस कुठून आणायचे हा प्रश्न होता. जवळच पुढच्या हंगामात रुंद होणाऱ्या एका जुन्या वाटेची कड होती. ती दुलई तशीही जाणार होती, म्हणून बहुतांश मॉस तिथून घेतले. उरलेले जंगलातून घेतले, पण एका ठिकाणाहून ओंजळीएवढेच आणि मध्ये अंतर ठेवून. भोक लहान राहिले तर शेजारच्या फांद्या ते मिटवतात. मोठ्या भोकात पाचोळा शिरतो.

प्रत्येक जागेवरचे मॉस उचलण्याआधी दहापट भिंगाखाली पाहिले. वाहने वळतात त्या जागेजवळच्या एका कडेवर कॅम्पिलोपस इंट्रोफ्लेक्सस सापडले. हे मूळ दक्षिण गोलार्धातले, युरोपात १९४१ मध्ये पहिल्यांदा नोंदले गेलेले आणि उघड्या अम्ल मातीवर झपाट्याने पसरणारे मॉस आहे. पानांच्या टोकाला पांढरा केस असतो आणि वाळल्यावर तो काटकोनात बाहेर वळतो, त्यामुळे वरून छोटी चांदणी दिसते. त्याचे शेंडे तुटून बुटांना चिकटून जातात. ती संपूर्ण कड वगळली आणि तिथे फिरलेले बूट घासून धुतल्याशिवाय वाटेवर आणले नाहीत.

मॉस हाताने कुस्करून एक-दोन सेंटिमीटरचे तुकडे केले. आणल्यापासून दोन दिवसांत पसरायचे, तोवर सावलीत पातळ थरात ठेवायचे, असा नियम होता. गोणीत दाबून ठेवलेले ओले मॉस आतून तापते आणि कुजते. पसरताना तुकड्यांमधून माती दिसत राहील इतपतच थर दिला, वरून पायाने हलके दाबले आणि सूचिपर्णी काटक्यांनी निम्मीशी जमीन झाकली.

काय बिघडले

पहिली चूक घाईची. चाकोऱ्या फोडल्यावर दुसऱ्याच दिवशी पहिल्या ३० मीटरांत तुकडे पसरले. भुसभुशीत माती दिसायला छान होती. गवताच्या किंवा भाजीच्या बियांना ती आवडते, म्हणून डोळ्यांना ती बरोबर वाटते. मॉसला नेमकी उलटी जमीन हवी : ओलावा धरणारी, पण वरून घट्ट आणि न हलणारी. आठवड्याने पाऊस आला. झाडांवरून ठिबकणारे थेंब उघड्यावरच्या पावसापेक्षा मोठे असतात. फांद्यांच्या कडेखाली त्यांनी माती उडवली आणि बरेचसे तुकडे गाडले. उरलेल्या ५० मीटरांत मग पद्धत बदलली. माती फळीने चोपली, तीन चांगले पाऊस होऊ दिले, वर पातळ पापुद्रा बसल्यावरच तुकडे पसरले. हा भाग पुढे सरळ चांगला निघाला.

दुसरी चूक पाण्याची. तीच सर्वांत शिकवणारी होती, कारण ती चांगल्या हेतूने झाली. पसरल्यानंतर काही आठवड्यांनी कोरडे दिवस आले. तुकडे वाळून तपकिरी झालेले पाहून कामावरच्या लोकांनी एका पट्ट्यावर रोज भर दुपारी फवारणी सुरू केली. तीन आठवडे ती चालली. मॉस दोन तासांत पुन्हा वाळायचे.

वाळलेले मॉस मेलेले नसते, थांबलेले असते. भिजल्यावर ते लगेच कमवायला लागत नाही. आधी वाळताना झालेली मोडतोड दुरुस्त करते आणि त्यासाठी साठवलेले अन्न खर्च करते. प्रकाशसंश्लेषणातून तो खर्च भरून निघायला ओलावा काही तास सलग टिकावा लागतो. दोन तासांचे भिजणे म्हणजे रोज खर्च, जमा काहीच नाही. फवारलेला पट्टा पुढच्या पावसानंतरही फिकट राहिला. शेजारचा, एक थेंबही पाणी न दिलेला भाग पाऊस येताच हिरवा झाला. पाणी द्यायचेच तर संध्याकाळी, माती भिजेपर्यंत, म्हणजे रात्रभर आणि सकाळच्या कोवळ्या उन्हापर्यंत ओल टिकेल. ते जमणार नसेल तर अजिबात देऊ नये. कोरडे ठेवण्यापेक्षा थोडे थोडे भिजवणे जास्त मारक.

तिसरी अडचण थंडीची. उताराच्या शेवटच्या दहा मीटरांवरचे काम लांबत हिवाळ्याच्या तोंडाशी आले. ओल्या, गाळाच्या उघड्या मातीत कडाक्याच्या रात्री बर्फाच्या सुया वर वाढतात आणि मातीचा वरचा थर उचलून धरतात. सकाळी त्या वितळल्या की माती कोसळते. अजून न धरलेले तुकडे या उचल-आपटीत सुटे होतात. काटक्यांचे झाकण दाट होते तिथे नुकसान कमी झाले.

चौथी गोष्ट बिघाड नव्हे, गैरसमज. चार महिन्यांनी चाकोऱ्यांत हिरवी झाक आली आणि मॉस आले अशी नोंद झाली. भिंगाखाली पाहिल्यावर बरीचशी शेवाळ निघाली. बोटांत चोळल्यावर बुळबुळीत लागते ती शेवाळ. प्रोटोनेमा नमद्यासारखा, फाटे फुटलेल्या तंतूंचा असतो. खात्री सूक्ष्मदर्शकाखालीच होते : त्याच्या काही तंतूंत पेशींमधल्या भिंती तिरप्या असतात. त्यावर पानांचे इवले कोंब दिसले की मग शंका राहत नाही.

वरच्या तुकड्याचा वेगळा पेच

रुंद पानांखालचे ६० मीटर हा या प्रकरणातला सर्वांत अवघड भाग होता आणि अडथळा मातीत नव्हताच. रुंद पान ओले होऊन सपाट बसते, एकावर एक चिकटते आणि खाली उजेड जात नाही. सूचिपर्णी सुया फटींतून खाली घसरतात, मॉस त्यांच्यामधून वर येते. म्हणूनच रुंद पानांच्या जंगलात मॉस जमिनीवर कमी आणि दगड, बुंधे, मुळांचे उंचवटे, पडलेले ओंडके यांवर जास्त दिसते. इथे तर चाकोऱ्या आजूबाजूपेक्षा खोल. वारा पाने नेमकी त्यांत आणून भरतो.

पहिल्या पानगळीत दंताळ्याने पाने ओढली. दंताळ्याने पानांबरोबर न धरलेले मॉसही आले. दुसऱ्या वर्षी पानगळीआधी बारीक जाळी अंथरली आणि पानांसकट उचलली. हे जमले. पण जाळी पाच-सहा आठवड्यांपेक्षा जास्त राहिली त्या जागी मॉसच्या फांद्या जाळीतून वर आल्या होत्या आणि उचलताना तुटल्या.

तिसऱ्या वर्षी मूळ प्रश्न विचारला गेला : दरवर्षी माणसांनी येऊन पाने उचलायची, हे जंगलाचे पुनरुज्जीवन कसे? पाने उचलणे म्हणजे मातीचे अन्नही उचलून नेणे. चाकोऱ्यांत मॉस आणण्याचा हट्ट सोडला. त्याऐवजी कुजायला लागलेले जाड ओंडके वाटेवर आडवेतिडवे टाकले आणि माती ओढून हातभर उंचीचे, उतरत्या बाजूंचे काही उंचवटे केले. ओंडक्यांवर ओंडक्यांवरूनच काढलेले हिप्नम या मॉसचे तुकडे ठेवले. आधी लाकडावरचे मॉस मातीवर लावून पाहिले होते, ते टिकले नव्हते. जे मॉस ज्या पायावर वाढले, त्याच जातीच्या पायावर ते लावायचे. पाने आता उंचवट्यांवरून आपोआप घसरतात. चाकोऱ्या पाचोळ्याने भरत आहेत आणि तिथे तेच योग्य आहे.

निष्पत्ती

मोजणीसाठी उतारावर अर्धा मीटर चौरसाच्या चौकटी कायमच्या खुणा करून ठेवल्या होत्या. प्रत्येक चौकटीत दोऱ्यांच्या जाळीवर १०० बिंदू आणि बिंदूखाली काय आहे त्याची नोंद. मोजणी नेहमी मॉस भिजलेले असताना केली. वाळलेली पाने आखडतात आणि तेच मॉस निम्म्या जागेत मावल्यासारखे दिसते. पहिल्या फेरीत ही काळजी घेतली नव्हती, म्हणून ती फेरी रद्द करावी लागली.

तिसऱ्या वर्षाअखेर उताराचा बहुतांश भाग झाकला गेला होता आणि ओघळ थांबले होते. पण झाकणारे मॉस मुख्यतः डायक्रानेला, पोलिया आणि पॉलिट्रायकम होते, म्हणजे कोणीही न लावलेले. तुकडे न टाकलेल्या पाच पट्ट्यांत एकूण झाकण जवळपास तेवढेच होते. जमीन धरली ती तिरक्या ओंडक्यांनी, चोपलेल्या मातीने आणि काटक्यांनी. मॉस मागोमाग आले.

तुकड्यांचा फरक दुसऱ्या मागणीत दिसला. टाकलेल्या भागात प्लुरोझियम आणि हायलोकोमियमची सुटी रोपे बुटक्या मॉसच्या गादीतून वर येत होती. रिकाम्या पट्ट्यांत ती जवळपास नव्हती. हायलोकोमियमच्या बऱ्याच तुकड्यांवर दोन नव्या पायऱ्या मोजता आल्या. झाकणाच्या टक्केवारीत ही रोपे नगण्य आहेत, पण प्रत्येक रोप म्हणजे वाटेच्या मधोमध एक नवी कड आहे. सगळ्यात चांगली वाढ पॉलिट्रायकमच्या दाटीत अडकलेल्या तुकड्यांची होती. तिथे ओल टिकते आणि तुकडा हलत नाही.

उभ्या ठेवलेल्या गड्ड्यांवर दुसऱ्याच वर्षी बीजाणुकोश आले. खालच्या दलदलीत चाकोऱ्यांतले पाणी उतरायला लागले आहे आणि काठाने पॉलिट्रायकमच्या उंच जातीचे पुंजके आले आहेत. तिथे काही न करण्याचा निर्णय बरोबर होता.

पुन्हा करायचे झाले तर

सर्वांत मोठा बदल काम सुरू होण्याआधीचा. यंत्र येण्यापूर्वी वाटेवर फांद्यांचा जाड थर अंथरला असता आणि पावसाच्या दिवसांत फेऱ्या थांबवल्या असत्या, तर बहुतेक चाकोऱ्या पडल्याच नसत्या. वाटेवरची दुलई आधीच उचलून सावलीत एकेरी थरात पसरून ठेवली असती, तर तुकड्यांसाठी दुसरीकडे हात घालावा लागला नसता.

तुकडे लगेच पहिल्या वर्षी टाकणे गरजेचे नव्हते, असे आता दिसते. उतारावर पाणी अडवून, माती बसवून वर्ष-दीड वर्ष थांबायचे, पॉलिट्रायकमची दाटी होऊ द्यायची आणि मग तिच्यात तुकडे खोचायचे. माल कमी लागेल, वाया कमी जाईल. हे ताडून पाहण्यासाठी रिकाम्या पाच पट्ट्यांपैकी दोनांत आता तसे तुकडे टाकले आहेत. उरलेले तीन रिकामेच ठेवले आहेत.

हंगामही जागेप्रमाणे वेगळा धरायला हवा. सूचिपर्णी सावलीत शरदाच्या सुरुवातीला, कडाक्याच्या थंडीला दीड-दोन महिने असताना. रुंद पानांखाली, उंचवट्यांवर, पानगळ पूर्ण झाल्यावर किंवा थंडी ओसरताच.

एक प्रश्न अजून मिटलेला नाही. उताराच्या वरच्या टोकाला ये-जा करणाऱ्यांची आडवाट पडली आहे आणि तिथले मॉस दर आठवड्याला तुडवले जाते. बुटांना चिकटून तुकडे पुढे जातात, हेही खरे. पण त्याच बुटांनी वाहने वळतात तिथले कॅम्पिलोपस आत येऊ शकते. म्हणून त्या टोकाला आडवा ओंडका टाकून वाट वळवली आहे आणि दर सहा महिन्यांनी भिंग घेऊन पहिल्या दहा मीटरांत त्या पांढऱ्या चांदण्या शोधल्या जातात. अजून एकही सापडलेली नाही.